हिशोबाच्या चिठ्ठीवरून आजीची नोकरी शोधताना

गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा आमच्या घरात आजीची पहिल्यांदा रीतसर चौकशी झाली. चुलत भावाने अट वाचून दाखवली: कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असला पाहिजे. आजी त्याच्या कितीतरी आधी गिरणीतून बाहेर पडलेली, आजोबा तर तिच्याही आधी. विषय तिथेच मिटला. खाली काढलेली पत्र्याची ट्रंक पुन्हा माळ्यावर चढायच्या बेतात होती, ती मी मागून घेतली.

मला फार काही नको होतं. आजी कुठल्या साली कामाला लागली, कुठल्या खात्यात होती, कधी सुटली, एवढंच. घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी: १९५०च्या सुमारास आजोबांना क्षय झाला, ते शिवडीच्या हॉस्पिटलात पडून राहिले, म्हणून आजीला गिरणी धरावी लागली. पुढे मोठ्या काकांचं लग्न झालं, नातवंडं झाली, म्हणून तिने घराकडे बघायला काम सोडलं. ‘मधली काही वर्षं’ असाच शब्दप्रयोग असायचा. वडील हेच सांगत, काकाही हेच. आत्या मात्र या गोष्टीत कधी तोंड घालत नसे. तिच्या त्या गप्प बसण्याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं.

ट्रंकेत काय होतं? एक पितळी बिल्ला, वर फक्त नंबर. एक पगाराची चिठ्ठी, वरचा कोपरा फाटलेला, म्हणजे नेमका महिना आणि साल गेलेलं. आत्याच्या जन्माचा म्युनिसिपालिटीचा उतारा. आणि एका खाकी पाकिटात इंग्रजीत टाइप केलेले दोन कागद, ज्यांना घरात ‘आजीचा हिशोब’ म्हणत. घरात चौथीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं त्या काळातले कागद, त्यामुळे ते जपले गेले, वाचले गेले नाहीत.

आधी फाटक्या चिठ्ठीचं सांगते, कारण तिने मला पुष्कळ शिकवलं. साल गेलेलं होतं, पण रकाने शाबूत होते. मूळ पगार, महागाई भत्ता, मग कपातीत फंड आणि राज्य विम्याची वर्गणी. आकडे रुपये-आणे-पैत. आता बघा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली, म्हणजे चिठ्ठी त्याआधीची. गिरण्यांना प्रॉव्हिडंट फंड लागू झाला तो १९५२च्या अखेरीस, आणि कामगार राज्य विमा मुंबईत आला १९५४च्या ऑक्टोबरात. म्हणजे चिठ्ठी १९५४ची अखेर ते १९५७चा मार्च यांच्या मधली, त्याबाहेर जाऊच शकत नाही. फंडाची वर्गणी तेव्हा सव्वासहा टक्के होती, म्हणजे बरोबर रुपयामागे एक आणा. मी पगार आणि भत्ता मिळवून त्याला सोळाने भागलं, फंडाचा आकडा जुळला. एवढ्याशा हिशेबाचा मला जो आनंद झाला तो घरात कुणाला समजावून सांगता येईना.

त्याच चिठ्ठीत महागाई भत्ता मूळ पगाराच्या दुपटीच्या आसपास दिसतो. आधी मला टाइप करणाऱ्याची चूक वाटली. पण १९४७ साली औद्योगिक न्यायालयाने मुंबईच्या गिरण्यांत पगारांचं प्रमाणीकरण केलं, तेव्हा सव्वीस दिवसांच्या कामाला तीस रुपये हा किमान मूळ पगार ठरला, आणि वाढत्या महागाईचा सगळा भार भत्त्यावर पडत गेला. भत्ता कामगारांच्या राहणीखर्चाच्या निर्देशांकाला बांधलेला. त्यामुळे चाळीतल्या निरक्षर बायासुद्धा ‘या महिन्यात आकडा किती लागला’ असं विचारायच्या, हे आत्याने नंतर सांगितलं. मटक्याचा नव्हे, निर्देशांकाचा.

गिरणीकडून काही मिळेल ही आशा मी ठेवलीच नव्हती. गिरणी बंद होऊन जमाना झाला, जागेवर काचेचा टॉवर उभा आहे, आणि कंपनीच्या नावाने जे काही कार्यालय शिल्लक होतं तिथल्या गृहस्थांनी ‘मस्टरं रद्दीत गेली’ एवढं सांगून दुसऱ्या फोनला हात घातला. फंडाच्या बाबतीतही तेच. खातं कधीच मिटलेलं, नंबर नाही, पुढे काही नाही.

मग पुराभिलेखागार. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं दप्तर आहे, १८२१ साली सुरू झालेलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचे कागद तिथे आहेत, तेव्हा माझी आजी कशी नसेल, अशा भाबड्या हिशेबाने मी गेले. अर्ज, ओळखपत्र, कशासाठी बघायचंय त्याचं चार ओळींत कारण, मग सूची चाळायची आणि मागणीचिठ्ठी भरून द्यायची. बाजूच्या टेबलावर एक मुलगा इनामांचे कागद बघत होता, पलीकडे कोणी गोदीचे नकाशे. माझ्या समोरच्या कर्मचारी बाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, “आजीचं नाव इथे नाही मिळायचं मॅडम. मस्टर कंपनीचं असतं, सरकारचं नाही. सरकारकडे कंपनीशी झालेला पत्रव्यवहार असतो.” हे वाक्य कुठल्याही मार्गदर्शिकेपेक्षा उपयोगी पडलं.

कारण त्यामुळे मी आजीला शोधायचं सोडून, आजीसारख्या बाईबद्दल सरकारला कधी लिहावं लागलं असेल, ते शोधू लागले. सूचीत ‘विमेन’ या शब्दाखाली हाताला फारसं लागलं नाही. ‘मॅटर्निटी’, ‘फॅक्टरीज’, ‘नाइट वर्क’, ‘स्ट्राइक्स’ या शब्दांखाली बाया भेटत होत्या. पैसे द्यायचे आहेत, मनाई करायची आहे किंवा बंदोबस्त ठेवायचा आहे, या तीन कारणांपैकी एक असलं की बाई कागदावर येते. नुसती रोज येऊन काम करून गेली, तर येत नाही.

लेबर गॅझेटने मला खूप दिवस गुंतवलं. मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस काढलं आणि त्याच वर्षापासून हे मासिक सुरू केलं. दर महिन्याचा निर्देशांक, संपांची यादी, मजुरीच्या चौकश्या. १९२२च्या अंकात डॉक्टर बार्न्स नावाच्या बाईंनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची केलेली पाहणी आहे. आई कामावर गेली की तान्ह्या मुलाने रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी देत, बाळगोळी, हे त्यात आहे. मी ते वाचलं त्या संध्याकाळी आत्याला फोन केला. ती म्हणाली, “आईला तिच्या सासूनं सांगितलं होतं की गोळी देत जा, पोर झोपतं. आईनं माझ्या मोठ्या भावाला दिली होती. तो गेला. आम्हाला नाही दिली.” मला आणखी एक काका होते आणि ते तान्हे असतानाच गेले, हे मला त्या फोनवर कळलं.

बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा देशात सगळ्यांत आधी मुंबई इलाख्यात झाला, १९२९ साली. त्याआधी कामगार नेते ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेलं विधेयक पडलं होतं. मुंबईच्या कायद्याने बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे दिवसाला आठ आण्यांच्या हिशेबाने पैसे गिरणीने द्यायचे ठरलं. विमा नाही, सरकार नाही, थेट मालकाच्या खिशातून. परिणाम काय व्हायचा तो झाला: मालकांना बाई महाग वाटू लागली. रात्रपाळीला बाई चालत नाही हा नियम आधीपासून होताच. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ही वेळ बांधून दिली आणि पन्नासांहून जास्त बाया असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. गिरण्या तर दोन-तीन पाळ्यांत चालायच्या. म्हणजे बाईच्या भल्यासाठी केलेला जो तो नियम, मालकाच्या वहीत बाईच्या नावापुढे खर्च म्हणून लागत गेला. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांत एक बाई असायची. पुढे त्या घटतच गेल्या. कायदा चुकला असं मी म्हणणार नाही. पण तो खर्च सगळ्या उद्योगावर न टाकता बाईला कामावर ठेवणाऱ्यावरच टाकला, ही गोम आहे, आणि ती तेव्हाच्या लोकांना कळत नव्हती असं ते कागद वाचून वाटत नाही.

हे वाचून घरी आले आणि ट्रंकेतला आत्याच्या जन्माचा उतारा पुन्हा काढला. जन्म १९४९, वाडिया प्रसूतिगृह, परळ. उतारा काढल्याची तारीख जन्मानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी. आमच्या चाळीत त्या काळी पोरीच्या जन्माचा दाखला कोण काढत होतं? शाळेत घालायच्या वेळी मास्तर अंदाजाने १ जून टाकून मोकळे व्हायचे. काकांचा दाखला नाही, वडिलांचा नाही, आणि आत्याचा मात्र दोन आठवड्यांत. भत्त्याचे राहिलेले पैसे मिळवायला मूल झाल्याचा पुरावा द्यावा लागे. दुसरं कुठलंही कारण मला पटत नाही. आणि तसं असेल तर १९४९ साली, म्हणजे आजोबा आजारी पडायच्या आधी, आजी गिरणीच्या पटावर होती. ‘आजोबा आजारी पडले म्हणून’ ही घरची गोष्ट इथे पहिल्यांदा डळमळली.

वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, “असेल, आधी थोडे दिवस जात असेल.” थोडे दिवस.

खाकी पाकिटातले कागद मी स्वतः वाचले होते, पण आकड्यांवरून काय निघतं ते मला सुचलं नव्हतं. ते सुचवलं आमच्या ओळखीतल्या एका काकांनी. ते एका गिरणीत टाइमकीपर होते, आयुष्यभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या मांडलेल्या. आधी त्यांनी बिल्ला हातात घेऊन बघितला, म्हणाले की नंबर खात्याप्रमाणे असायचे, पण मस्टर नसेल तर नुसत्या नंबराला अर्थ नाही. शिवाय मस्टर असतं तरी नाव सापडायला वेळ लागला असता. बाईचं नाव आणि पुढे नवऱ्याचं किंवा बापाचं, आडनाव बहुतेक वेळा नाहीच. भागीरथी विठू, लक्ष्मी राघो. एका खात्यात चार चार लक्ष्मी. त्यात बाई लग्नाआधी लागलेली असेल तर नंतर नाव बदललेलं, किंवा बदललेलंच नाही.

मग त्यांनी पाकीट उघडलं. पहिला कागद मार्च १९६४च्या पगाराचा: सव्वीस दिवस, १३० रुपये. दुसऱ्यावर एकच रक्कम, रुपये १,५७५, आणि तिच्यासमोर ‘रिट्रेंचमेंट कॉम्पेन्सेशन’. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

“ताई, ही छाटणी भरपाई आहे. तुम्ही म्हणता आजींनी काम सोडलं?”

“घरात तसंच सांगतात.”

“काम सोडणाऱ्याला हे मिळत नाही. हे काढून टाकलेल्याला मिळतं.” आणि त्यांनी पाकिटाच्या पाठीवरच हिशेब मांडला. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३च्या दुरुस्तीपासून नियम असा होता की नोकरीच्या दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यायचा. सव्वीस दिवसांचे १३०, म्हणजे दिवसाचे पाच. पंधरा दिवसांचे पंचाहत्तर. दीड हजार पंचाहत्तरला पंचाहत्तरने भागा. एकवीस.

एकवीस वर्षं. १९६४मधून वजा केली की १९४३. “आणि ह्यात बदलीचे दिवस धरले नसतील,” काका म्हणाले. “कायम होण्याआधी बदली कार्डावर किती वर्षं उभ्या होत्या, कोण जाणे. सकाळी गेटवर यायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत घरी. तीही नोकरीच होती, पण मोजायची नसते.”

१९४३ साल म्हणजे युद्ध चाललेलं, लष्करासाठी कापड हवं म्हणून गिरण्या पूर्ण जोमात, आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झालेलं. आजोबा तेव्हा धडधाकट होते, साचेखात्यात, म्हणजे विणाईत, कमावत होते. तरी आजी गिरणीत गेली. कशासाठी, याला कागद उत्तर देत नाही. एवढंच खरं की आजारपणाचं कारण त्याला सात वर्षांनी चिकटवलेलं आहे.

आत्याशी बोलायला मी याच्यानंतर बसले, आणि आधी तयारी करून बसले. जुहूला एसएनडीटीच्या आवारात स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र आहे, नीरा देसाईंनी १९७४ साली सुरू केलेलं. दहिसरला स्पॅरो आहे, बायकांच्या आयुष्यांचे आवाज आणि चित्रं जमवणारी संस्था, १९८८पासूनची. बायकांच्या मुलाखती कशा घेतात ते मी तिथल्या कामावरून शिकायचा प्रयत्न केला. पार्वतीबाई भोर, उषाताई डांगे यांच्यासारख्यांच्या आठवणी छापून आल्या, कारण त्या संपात पुढे होत्या, भाषणं करत होत्या. आजी कुठल्याही सभेत बोललेली नाही. तिच्याबद्दल विचारायचं तर ‘तिला काय वाटायचं’ असं विचारून भागत नाही. तसं विचारलं की माणसं ‘फार कष्ट केले हो’ म्हणतात आणि डोळे पुसतात, हातात काही येत नाही. मी ठरवलं, वस्तू आणि वेळा विचारायच्या. डबा कोण भरायचं? भोंग्याआधी किती वेळ निघायची? लुगडं कसं खोचायची? आली की पहिलं काय करायची?

आत्या दोन दुपारी पोटभर बोलली. आजी वायंडिंगला होती. कातणाकडून सूत कांड्यांवर येतं, ते विणायला जायच्या आधी मोठ्या कोनावर गुंडाळावं लागतं. समोर कांड्यांची रांग, सतत उभं राहून त्यांच्यावर नजर ठेवायची. धागा तुटला की टोकं पकडून गाठ मारायची, उरलेलं टोक तोडायचं, कांडी संपली की दुसरी लावायची. काम उक्तं, जेवढं सूत उतरेल तेवढे पैसे. “आईची गाठ दिसायची नाही,” आत्या म्हणाली आणि तिने पदराच्या शेवाचा एक दोरा ओढून मला करून दाखवलं. अंगठा आणि पहिलं बोट, दोरा तर्जनीवरून एकदा फिरवला, नखाने दाबला आणि खसकन ओढला. मला चार वेळा दाखवूनही जमलं नाही. घरी फाटलेलं शिवताना, हार ओवताना, अगदी माजघरातल्या परकराच्या नाडीलाही आजी तीच गाठ मारायची. अंगठ्याजवळ तिला एक चीर पडलेली असायची, ती रविवारपर्यंत भरत आली की सोमवारी पुन्हा उघडायची.

खात्यात वर नायकीण असायची. बाईला कामावर लावायचं, कुठल्या मशीनला उभं करायचं, कोणाला चांगलं सूत आणि कोणाला तुटकं, हे तिच्या हातात. उक्त्या कामात तुटकं सूत आलं की दिवसाची कमाई बसली. दिवाळीला नायकिणीकडे काहीतरी पोचतं करावंच लागे. आत्याला तिचं नाव आठवतं, तिच्या नाकातली नथही आठवते. मी नाव इथे देत नाही, तिची नातवंडं लालबागलाच आहेत.

आणि छाटणी? आत्या जरा थांबली, मग म्हणाली, “नवी मशिनं आली. निम्म्या बायांना काढलं. आई आली ती सरळ मोरीत गेली, अंघोळ केली आणि अण्णांना म्हणाली, मी सोडलं काम. नातू सांभाळीन. अण्णा म्हणाले, बरं झालं. पंधरा वर्षांची होते मी, खोलीत होते. मला म्हणाली, तू काही बोलू नकोस.” अण्णा म्हणजे आजोबा. भरपाईच्या पैशातून मोठ्या काकांचं लग्नाचं कर्ज फिटलं आणि आत्याला शिवणयंत्र आलं. आत्याने त्या यंत्रावर पुढे चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. ‘तू काम करायचीस का’ असं विचारलं तर ती आजही ‘नाही गं, घरीच होते’ म्हणते.

पाळणाघराचंही विचारलं. गिरणीत होतं, पण आत्या तिथे कधी गेली नाही. ती वाढली शेजारच्या खोलीत, आजीच्या जावेकडे. आम्ही तिला काकीआजी म्हणायचो. काकीआजीची खानावळ होती. दहा बाय बाराच्या खोलीत दोन शेगड्या, आमच्या संगमेश्वराकडचे एकटे राहणारे गिरणीवाले तिच्याकडे जेवायचे. पहिल्या पाळीचे डबे पहाटे, दुसऱ्या पाळीचे लोक दुपारी पंगतीला. मासे कधी, मटण पगाराच्या रविवारी. हे सगळं करताना आजीची मुलं तिच्या पायात. म्हणजे आजीच्या एकवीस वर्षांतलं बरंचसं काकीआजीच्या खोलीत पेलं गेलं.

या बाईचा मात्र एक कागद नाही. मस्टर नाही, फंड नाही, बिल्ला नाही, छाटणी तर नाहीच. १९५१च्या जनगणनेत माणसं तीन रांगांत बसवली होती: स्वावलंबी, कमावते अवलंबी, न कमावते अवलंबी. वीस पुरुषांना दोन वेळा जेवू घालणारी काकीआजी यातल्या कुठल्या रांगेत पडली असेल? गणनेची घरोघरची चिठ्ठी बघायला मिळत नाही, छापील तक्ते तेवढे मिळतात. माझी पैज तिसऱ्या रांगेवर आहे. दारात आलेल्या गणकाला नवऱ्याने काय सांगितलं असेल ते मी ऐकू शकते.

तरी तिचे दोन माग लागले. पहिला, १९७५ साली प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून दिलं. तोवर ह्या बाया किराणावाल्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांतच फिरत असायच्या. काकीआजी सत्तरीच्या दशकाच्या शेवटी सभासद झाली. तिच्या नातवाकडे कर्जाचा कागद आहे. ‘धंदा’ या शब्दापुढे ‘खानावळ’ आणि खाली तिचा अंगठा. तीसेक वर्षं चुलीसमोर काढल्यावर तिच्या कामाचा हा पहिला कागद, आणि तोही तिने पैसे घेतले म्हणून झालेला.

दुसरा माग म्हणजे वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा तेलाने पारदर्शक झालेल्या. एका माणसाला एक पान. वर नाव आणि गाव, खाली महिना, खाडे, उसने, जमा. ज्या दिवशी जेवला नाही त्या दिवसाचा खाडा धरायचा, पण आधी सांगितलं असेल तरच. काही पानांवर खाड्यांच्या पुढे ‘गावी’, एका पानावर ‘वाडिया’, बहुतेक बायको बाळंत झाली असेल. एका पानावर १९५०च्या दशकातल्या सलग दोन महिन्यांचं जमा शून्य आणि उसने वाढत गेलेले, पण खाडा एकही नाही. काम गेलेलं असणार आणि ती जेवू घालत राहिली असणार. अक्षर तिचं नाही. तिला लिहिता येत नव्हतं. चौथी झालेला एक खाणावळ्या दर रविवारी वही लिहायचा आणि त्याला महिन्याचे दोन रुपये कमी लागायचे. हेही वहीतच आहे, त्याच्या पानावर, त्याच्याच अक्षरात.

कागद आता संग्रहात द्यायचे ठरलंय. स्कॅन करून झाले. आत्याच्या मुलाखतीची संमती घेतली, कुठला भाग बंद ठेवायचा तेही तिने सांगितलं. मूळ कागद द्यायला ती तयार आहे, छाटणीच्या चिठ्ठीसकट. माझे वडील ती चिठ्ठी द्यायला तयार नव्हते, आता हो-नाही करत आहेत. वहीचं ठरायचं आहे, कारण तिच्यात चौतीस माणसांची नावं आणि कोणाकडे किती थकलं होतं ते सगळं आहे, आणि त्यांच्या घरच्यांना न विचारता ती उघडी ठेवावी असं मला वाटत नाही. त्यामुळे सध्या मी गावांची यादी घेऊन फोन करत असते. फुणगुसचे दोघे सापडले. तिसऱ्याच्या सुनेने सांगितलं, की सासरे मरेपर्यंत म्हणायचे, वहिनींचे अठरा रुपये द्यायचे राहिले. मी वही काढून बघितली. सतरा रुपये बारा आणे.